थांबलेला हात

आमच्या लहानपणी वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीच्या तोंडावर, गल्लीत हाक यायची : "पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ!" पाटा वापरून गुळगुळीत झाला की वाटण नुसते सरकते, वाटले जात नाही. मग त्याला टाकी लावून घ्यायची. हाक देणारी बाई अंगणात बसे, पाटा पायाच्या अंगठ्यांनी दाबून धरी, टाकी तिरपी टेकवी आणि हातोडीने टोले घाली. टक, टक, टक. प्रत्येक टोल्याला एक बारीक कपची उडे. आम्ही डोळे मिटायचो. ती मिटायची नाही.

एकदा आई म्हणाली, "अगं, जरा जोर लाव की. संध्याकाळ करतेस का?"

ती म्हणाली, "जोर लावला तर फुटंल, आक्का. दगूड हाय. त्याच्या कलानं घ्यावं लागतंय."

पुढे माणसाच्या उत्पत्तीवर जमेल तेवढे वाचले. तेहतीस लाख वर्षांच्या त्या कहाणीचे सार इतक्या थोडक्यात सांगणारे पुन्हा कुणी भेटले नाही.

*

हत्यार आधी आले. माणूस मागाहून.

हे सुभाषित नव्हे, तारखांचा हिशेब आहे. केनियात तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला, लोमेक्वी येथे, सोनिया हार्मांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडलेली दगडी हत्यारे ३३ लाख वर्षांपूर्वीची. 'होमो' या आपल्या कुळातला म्हणावा असा सर्वांत जुना जबडा इथिओपियातला, २८ लाख वर्षांपूर्वीचा. मधली पाच लाख वर्षे कुणीतरी दगड फोडत होते, आणि ते कुणी आपल्या कुळातले होते याचा एकही दाखला नाही.

'माणसाने हत्यार घडवले' असे आपण शाळेत शिकलो. क्रियापद बरोबर आहे. कर्ता आणि कर्म एकदा तपासून घ्यावे.

*

एका उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या वाळवंटात बसून मी दगडाचा छिलका काढून पाहिला. एका हातात वाटोळा गोटा, दुसऱ्यात दुधी रंगाची गारगोटी. दहा टोल्यांत काही झाले नाही. अकराव्याला अंगठा चेचला. सोबतचा पुरातत्त्वाचा विद्यार्थी हसला नाही, एवढेच म्हणाला, "जोर नको, कोन बघा."

कड नव्वद अंशांहून कमी कोनाची हवी. टोला कडेवर नाही, कडेच्या किंचित आत. आणि तोही निसटता. तसा मारला. काच तडकावी तसा बारीक आवाज झाला आणि छिलका तळहातावर पडला. टोला बसला तिथे ठिपका, त्याखाली एक फुगवटा, आणि फुगवट्यापासून निघालेली वलये : डोहात खडा टाकल्यावर उठतात तशी, पण कायमची थिजलेली. कड इतकी पातळ की उजेड आरपार दिसावा. त्या कडेने आम्ही आंबा कापला. साल अलगद निघाली.

ऊन दगड फोडते. पूरही फोडतो. पण पूर एकाच कडेवर, एकाच बाजूने, ओळीने सात छिलके काढत नाही. एक छिलका हा योगायोग असू शकतो. ओळीने सात म्हणजे मनसुबा. पुरातत्त्वज्ञ दगड शोधत नाही, मनसुबा शोधतो.

*

सुरुवातीच्या हत्यारांत मनसुबा आखूड होता. टान्झानियातल्या ओल्डुवाई घळीत लुई आणि मेरी लीकी यांनी आयुष्य घालवले. तिथल्या हत्यारांवरून त्या घडणीलाच ओल्डोवान नाव पडले. तिचे जुने नमुने इथिओपियात २६ लाख वर्षांपर्यंत मागे जातात. गोटा घ्यायचा, दोन-चार छिलके उडवायचे, मांस कापायचे, टाकून द्यायचे. भूक पोटात, दगड हातात, धार समोर. तिघांमध्ये अंतर नाही.

ज्याला आपण माणूसपण म्हणतो ते या अंतरात पुढे वाढले.

*

मग हातकुऱ्हाड आली. बदामाच्या आकाराची, दोन्ही अंगांनी घडवलेली, दोन्ही बाजू जवळपास सारख्या. केनियातले तिचे नमुने १७ लाख ६० हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

बदामाचा आकार दगडात नसतो. तो आधी कुणाच्या तरी डोक्यात असतो. आणि तो एका टोल्यात बाहेर येत नाही. विसाव्या टोल्यासाठी पहिला जपून मारावा लागतो. पंधराव्याला घाई केली तर आधीचे चौदा वाया.

हात पहिल्यांदा थांबला तो इथे. उगारलेला हात मध्येच थांबवून, दगड फिरवून, दुसरी बाजू पाहणे : बुद्धीची याहून साधी व्याख्या मला माहीत नाही.

*

ही हातकुऱ्हाड जवळपास पंधरा लाख वर्षे टिकली. आफ्रिका, युरोप, आशिया. घडण फारशी बदलली नाही. आपण म्हणतो, काय ही साचलेली बुद्धी! शेती सुरू होऊन दहा-बारा हजार वर्षे झाली, आणि एवढ्यातच जमिनीला धाप लागली आहे.

न बदलणे हा नेहमीच मंदपणा नसतो. कधी कधी ते जमलेले असते.

*

भारतात हातकुऱ्हाडीची ओळख पटली ३० मे १८६३ रोजी. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रॉबर्ट ब्रूस फूट यांनी मद्रासजवळ पल्लावरमला, कवायतीच्या मैदानालगतच्या मुरमाच्या खड्ड्यातून एक घडवलेला दगड उचलला. त्यापूर्वी तो कितीतरी डोळ्यांखालून गेला असेल. दगड बदलला नव्हता. पाहणारा थांबला, इतकेच.

त्याच साली फूट आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग अत्तिरंपक्कमला पोचले. सव्वाशेहून अधिक वर्षांनी शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांनी तिथेच थर मोजत खोल उत्खनन केले. हातकुऱ्हाडी निघाल्या त्या थराचे वय आले सुमारे १५ लाख वर्षे.

कर्नाटकात हुणसगीच्या खोऱ्यात इसामपूर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी तिथे हातकुऱ्हाडींचा कारखानाच उघडा केला. चुनखडकाच्या लाद्या उपसलेल्या, तोडलेल्या, अर्ध्या घडवलेल्या, पुऱ्या झालेल्या : कामाच्या सगळ्या पायऱ्या एकाच आवारात. संग्रहालयात आपण पुरी झालेली हातकुऱ्हाड पाहतो आणि वाहवा म्हणतो. शिकायचे असेल तर अर्धवट टाकलेली पाहावी. पुरी झालेली कारागिराचे कौशल्य सांगते. फसलेली सांगते, हात नेमका कुठे घाईला आला.

*

पॅरिसच्या एका उपनगराचे नाव लेव्हालुआ. तिथे सापडलेल्या दगडांवरून एका तंत्राला ते चिकटले.

दगडाचा गाभा चहूबाजूंनी छाटायचा. मग वरचे अंग छिलत छिलत कासवाच्या पाठीसारखे करायचे. इथवर हाती काहीच लागलेले नसते, सगळा कचरा. मग एका टोकाला नेमकी जागा तयार करायची आणि तिथे एकच टोला. एक मोठा, पातळ, चहूकडून धारदार छिलका सुटतो. त्याची लांबी, रुंदी, टोक, सगळे तो दगडात असतानाच ठरलेले. जन्माआधी बारसे.

'बाजारात तुरी' असे आपण चेष्टेने म्हणतो. लेव्हालुआचा कारागीर त्याच हिशेबावर जगला, आणि त्याचा हिशेब चुकला नाही.

वीस-तीस टोल्यांचे फळ शेवटच्या एका टोल्यात. तोवर हात रिकामा. ज्याने हे पहिल्यांदा केले, त्याला शेजाऱ्याने वेड्यात काढले असणार.

*

अत्तिरंपक्कमला लेव्हालुआ पद्धतीची हत्यारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीच्या थरात सापडली. २०१८ साली हे जाहीर झाले तेव्हा जगाने एकच प्रश्न विचारला : ती कुणी केली? उत्तर नाही. तिथे हाडे सापडलेली नाहीत. नर्मदाकाठी हथनोऱ्याला १९८२ साली अरुण सोनाकिया यांना मिळालेली कवटी सोडली, तर त्या जुन्या काळाचा चेहरा भारताने जवळजवळ दाखवलेलाच नाही. हत्यारे पोत्याने, माणूस चिमटीभर.

हत्याराला जात नसते. पश्चिम आशियातल्या गुहांत आपले पूर्वज आणि निअँडरथल, दोघांचीही हाडे सापडतात. दोघांचेही छिलके बरेचसे सारखेच, त्याच लेव्हालुआ घडणीचे. छिलका पाहून आडनाव सांगता येत नाही. आपल्या लोकांना ही गोष्ट विशेष जड जाईल.

*

माणूस कधी झाला?

मोरोक्कोत जेबेल इर्हुद नावाचा डोंगर आहे. १९६१ साली तिथे खाणीत काम करणाऱ्यांना एक कवटी सापडली. कोणत्या थरातून आली, नीट नोंद नाही. जाणकारांनी अंदाज बांधला : निअँडरथल असावा, ४० हजार वर्षांपूर्वीचा. कवटीने वाद घातला नाही. कवट्या घालत नाहीत.

२००४पासून जाँ-जाक हुब्लाँ आणि अब्देलवाहेद बेन-न्सर यांनी तिथे पुन्हा खणायला घेतले, या वेळी थर सांभाळून. आणखी हाडे निघाली. सोबत लेव्हालुआची हत्यारे, आणि भाजलेल्या गारगोट्या. कुणीतरी कधीतरी त्यांच्यावर विस्तव पेटवला होता. जमिनीत पडलेला दगड आसपासचे किरण वर्षानुवर्षे साठवत राहतो. आगीत पडला की ते सगळे मोकळे होते. घड्याळ शून्यावर येते आणि पुन्हा चालू लागते. या गारगोट्या प्रयोगशाळेत पुन्हा तापवल्या. त्यांनी सांगितले : ३ लाख १५ हजार वर्षे, चौतीस हजार इकडे-तिकडे.

२०१७ साली ४० हजारांचे तीन लाख झाले. कवटी तीच होती. थर मिळाला होता.

चुलीतल्या दगडांनी साक्ष दिली, आणि आपल्या जातीचे वय तीन लाखांवर गेले. घरातली खरी माहिती चुलीपाशीच मिळते, हे आमच्या आज्यांना ठाऊक होते.

*

त्या माणसांचा चेहरा आपला आहे. कवटी मात्र मागे लांबट; आपल्यासारखी वाटोळी नाही. कवटीला हा वाटोळेपणा हळूहळू येत गेला. आजच्या घडणीला ती पोचली ती गेल्या लाखभर वर्षांत, १ लाख ते ३५ हजार या दरम्यान कधीतरी.

म्हणजे तोंड आधी आले, डोके मागाहून. ही खोड तेव्हापासूनची.

इथिओपियात ओमो नदीकाठची हाडे २ लाख ३० हजार वर्षांहून जुनी. मोरोक्को एका टोकाला, इथिओपिया दुसऱ्या. एका गावात, एका सकाळी, एका आईच्या पोटी पहिला माणूस जन्मला नाही. साऱ्या आफ्रिकेभर विखुरलेल्या टोळ्या भेटत, दुरावत, पुन्हा भेटत माणूस होत गेल्या.

दुधाचे दही नेमके कितव्या मिनिटाला झाले, हे कुणी सांगावे? रात्री विरजण लावले, सकाळी दही होते. मध्ये बोट घालून पाहणाऱ्याचे दही लागत नाही.

*

१९८७ साली रेबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी फक्त आईकडून येणारा डीएनए तपासला. जिवंत माणसांचे धागे मागे नेत नेत ते आफ्रिकेतल्या, साधारण दोन लाख वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीपाशी पोचले. वर्तमानपत्रांनी तिला लगेच 'ईव्ह' करून टाकले.

ती पहिली बाई नव्हती. त्या काळची एकटीही नव्हती. तिच्याभोवती पुष्कळ जणी होत्या. त्यांचेही रक्त आपल्यात असेल, मुलांच्या वाटेने आलेले. हिचे इतकेच, की मुलीची मुलगी, तिची मुलगी, अशी ओळ मध्ये कुठेच तुटली नाही. एका पिढीत फक्त मुलगे झाले असते तर मान दुसरीला मिळाला असता.

थोरवी अनेकदा अशीच असते. आपण काही केलेले नसते. कुठेतरी काहीतरी तुटलेले नसते.

*

फार दिवस असे शिकवले जाई, की माणूस खऱ्या अर्थाने शहाणा झाला तो ४०-५० हजार वर्षांपूर्वी, युरोपात, एकाएकी. पाती, मणी, गुहाचित्रे, सगळे एकदम. क्रांती.

२००० साली सॅली मॅकब्रिअर्टी आणि अ‍ॅलिसन ब्रुक्स यांनी आफ्रिकेतला पुरावा एकत्र मांडला आणि निबंधाच्या मथळ्यातच निकाल दिला : न झालेली क्रांती. पाती, टोके, रंग, दूरवरून आणलेला दगड, हे सारे आफ्रिकेत लाखो वर्षांत एकेक करून, वेगवेगळ्या ठिकाणी, आधीच येऊन गेले होते. युरोपात आधी खणले, म्हणून युरोपात आधी सापडले.

क्रांती ही बहुतेक वेळा उशिरा पोचलेल्याची समजूत असते. तो दार उघडतो तेव्हा आत दिवा लागलेला असतो. त्याला वाटते, आताच लागला.

*

दक्षिण आफ्रिकेचा समुद्रकिनारा. पिनॅकल पॉइंटच्या गुहा. तिथला सिल्क्रीट नावाचा दगड मूळचा नीट फुटत नाही. तिथल्या माणसांनी काय केले? तो वाळूत पुरला, वर आग पेटवली, सावकाश तापू दिला, सावकाशच निवू दिला. असा भाजलेला दगड हवा तसा फुटतो. ७२ हजार वर्षांपूर्वी ही तिथली रुळलेली रीत होती. सुरुवात त्याहूनही बरीच जुनी असावी.

घाईने तापवला तर दगड तडकतो. घाईने उकरला तरी तडकतो. आपल्याकडे भट्टी लावणाऱ्या कुंभाराला हे समजावून सांगावे लागणार नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्याच सिबुडूच्या गुहेत ७० हजार वर्षांपूर्वी दगडी टोक लाकडाला बसवण्यासाठी झाडाचा डिंक आणि गेरू एकत्र करून खळ केली जाई. नुसता डिंक ठिसूळ. गेरू जास्त झाला तर चिकटत नाही. विस्तव जवळ असला तर उकळते, लांब असला तर वाळत नाही. पाकशास्त्राचा पहिला धडा खाण्याच्या पदार्थावर गिरवला गेला असेलच असे नाही.

तिकडच्याच ब्लॉम्बोसच्या गुहेत एक लाख वर्षांपूर्वीची गेरूची खळ शिंपल्यांत भरून ठेवलेली सापडली. भरून ठेवलेली! उद्यासाठी झाकून ठेवलेले पहिले भांडे कोणते, कोण जाणे. पण ज्याने उद्यासाठी झाकले, तो आपला.

*

आता आपल्या दख्खनकडे. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथेच प्रवरेच्या काठी, गोट्या-वाळूच्या थरांत, दगडांचाही एक ग्रंथ आहे. १९५४पासून डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तो वाचायला घेतला. पुढे गुद्रून कोर्व्हिनुस यांनी चिरकी नाल्यावर खणले.

खालच्या थरात मोठ्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या, काळ्या पाषाणाच्या. वरच्या थरात हत्यारे लहान होतात आणि दगडच बदलतो : जास्पर, अकीक, चर्ट. आपल्या काळ्या दगडाच्या पोटात गारगोट्या असतात. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत सिलिका भरली. घाटात रस्ता खोदताना त्या आजही चमकतात. काळ्या पाषाणातून थोराड हत्यार निघते, पण बारीक नाजूक काम त्यातून साधत नाही. गारगोटीतून मोठे हत्यार निघत नाही, पण नखाएवढे पाते वस्तऱ्यासारखे निघते.

आजोबांनी फत्तर वापरला. नातवांनी फत्तराच्या पोटातले वापरले. डोंगर तोच होता.

*

शेवटी हत्यार नखाएवढे झाले. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण्याला एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात पुराश्मयुगाच्या अखेरचे असे थर उलगडले. तिथेच शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, आणि एका कवचावर कोरलेली जाळी. सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी खानदेशात शहामृग होते, आणि त्याच्या अंड्याच्या टरफलावर रेघा ओढायला कुणाला तरी सवड होती.

हे सूक्ष्म पाते एकटे निरुपयोगी. नारळाच्या खवणीचा एक दात काढून हातात घ्या, त्याने काय होणार? पण लाकडाच्या खाचेत ओळीने सात दात बसवले की विळा झाला. एक दात तुटला, तो बदलला, विळा चालू. सुट्या भागांचा धंदा एवढा जुना आहे.

हातकुऱ्हाड स्वयंपूर्ण होती. तिचा वारस अपुरा आहे : त्याला दांडा लागतो, डिंक लागतो, शेजारचा दात लागतो. प्रगती कशाला म्हणावी याचा मी फार विचार केला. एवढेच सुचले : एकट्याने न भागणे.

*

फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आंद्रे लेर्वा-गुर्हां यांनी एक माप सुचवले : एक किलो दगडातून किती लांबीची धार निघते? काळ पुढे सरकतो तशी ती लांबी वाढत जाते. चांगले माप आहे. आकड्यात मांडता येते.

माझे माप आकड्यात बसत नाही : पहिला टोला आणि पहिला उपयोग यांच्यामध्ये हात किती वेळ थांबला? गोट्यापाशी क्षणभर. हातकुऱ्हाडीपाशी तासाचा काही भाग. लेव्हालुआपाशी, सगळा कचरा होईपर्यंत. डिंक, गेरू, लाकूड, भाजलेला दगड जमेस धरले तर दिवस.

हत्यार लहान होत गेले. थांबणे मोठे होत गेले.

*

आणि जो थांबतो त्याला तेवढ्या वेळात कुणीतरी खाऊ घालावे लागते. त्याचे मूल कुणीतरी सांभाळावे लागते. त्याच्या समोर कुणीतरी बसून पाहावे लागते, नाहीतर त्याच्याबरोबर सगळे संपले. यातले काहीच जमिनीत सापडत नाही. सापडतो तो दगड.

दांडा कुजतो, दोरी कुजते, डिंक उडून जातो, शब्द तर तोंडाबाहेर पडताच संपतो. जर्मनीत शोनिंगेनला चिखलात दबून राहिले म्हणून लाखो वर्षांपूर्वीचे लाकडी भाले मिळाले. ते मिळाले नसते तर ती माणसे आपल्या लेखी निव्वळ दगडांची राहिली असती. अश्मयुग म्हणजे दगडाचे युग नव्हे. ज्यातला दगड तेवढा उरला ते युग. ज्याचा पुरावा टिकतो त्याच्या नावाने काळ ओळखला जातो. हा कायदा पुढच्या इतिहासालाही लागू आहे.

*

७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रात टोबा ज्वालामुखी फुटला. त्याची राख आंध्रात ज्वालापुरमला थराने साचली आहे. मायकेल पेट्राग्लिया, रवी कोरिसेट्टर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले, की राखेखालची हत्यारे आणि राखेवरची हत्यारे बरीचशी सारखी आहेत. आभाळ काळवंडले, हाताची सवय मोडली नाही.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात कुकडीकाठी बोरीलाही ज्वालामुखीची राख आहे, आणि त्याच थरांच्या संगतीने हातकुऱ्हाडी. ती राख टोबाच्या याच स्फोटाची की कित्येक लाख वर्षे आधीच्या, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. त्याप्रमाणे तिथल्या हत्यारांचे वय लाखांनी बदलते. दगड तेच, हात तेच. वय मात्र राख ठरवणार.

*

निअँडरथल नाहीसे झाले असे म्हणतात. स्वांते पेबो यांनी त्यांच्या हाडांतला डीएनए वाचला (२०२२ साली पेबोंना नोबेल मिळाले), आणि कळले की आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येकात त्यांचा एक-दोन टक्के वाटा आहे. तुमच्या-माझ्यातही.

आपण त्यांना जिंकले, हे एकेकाळी पाठ्यपुस्तकात होते. आता कळते, काही ठिकाणी सोयरीकही झाली होती. शुद्ध रक्ताचा अभिमान बाळगणाऱ्याने निदान ४० हजार वर्षे मागे जाऊन चौकशी करावी.

*

आमचा पाटा अजून आहे. गच्चीच्या दाराला वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकवलेला. त्यावरच्या टाकीच्या खुणा आता बोटाला लागत नाहीत. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण आपण दगडाच्या बाजूने ऐकतो. घाव घालणाऱ्या हातालाही काही सोसावे लागते : न घालणे.

*

शेवटी एक काम सांगतो. प्रवरा, गोदावरी, कुकडी, तापी, कोणत्याही नदीच्या ढासळत्या काठावर एखादा दगड दिसेल. बदामाच्या आकाराचा, दोन्ही अंगांनी छिललेला, हातात नेमका बसेल असा. तो उचलून घरी आणू नका. दिवाणखान्यात तो शोभेची वस्तू होईल, त्याचे वय मात्र काठावरच राहून जाईल. जेबेल इर्हुदची कवटी आठवा : थर हरवला म्हणून पन्नासहून अधिक वर्षे तिचे वय कुणालाच नीट सांगता आले नाही.

जागा नीट लक्षात ठेवा. शेजारी नाणे ठेवून फोटो काढा. जवळच्या पुरातत्त्व विभागाला किंवा विद्यापीठाला कळवा. आणि दगड होता तिथेच राहू द्या.

हात पुढे जाईलच. त्याला थांबवा.